हातानं शिवलेला सुपरहिरो ड्रेस: पहिल्यांदाच सुई धरणाऱ्यांसाठी

भाची सहा वर्षांची होती तेव्हा तिनं माझ्याकडे वंडर वूमनचा ड्रेस मागितला. विकतचा नको, तूच शिव, असा हट्ट. मी टेप घेऊन मापं घेत होते आणि तिनं एकच प्रश्न विचारला, "मावशी, हा घालून मला सोफ्यावरून उडी मारता येईल ना?" तेव्हापासून असा कुठलाही ड्रेस शिवताना कापड, टाका, बटण निवडायच्या आधी मी स्वतःला तोच प्रश्न विचारते. फोटोपुरता ड्रेस शिवणं सोपं आहे. पण मूल तो घालून पळणार, लोळणार, हात वर करून उडणार. त्यामुळे उडी सोसेल असाच ड्रेस शिवायचा, आणि तो हातानंही उत्तम शिवता येतो.

मशीन नाही म्हणून थांबू नका. एलियास हाउ यांनी शिलाई मशीनचं पेटंट घेतलं ते १८४६ साली. त्याआधी सैनिकांचे गणवेश काय आणि बाळाची झबली काय, जवळजवळ सगळं हातानंच शिवलं जायचं आणि रोजच्या वापरात टिकायचं. रोज तासभर बसलात तर पहिला ड्रेस आठवड्या-दीड आठवड्यात पुरा होईल.

काय घ्यायचं, काय सोडायचं

हुबेहूब पोशाख करायला जाऊ नका. पडद्यावरचे सुपरहिरो बहुतेक अंगाला घट्ट बसणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडात असतात. असं कापड हातानं शिवणं नवख्याला जड जातं, कारण कापड ताणलं की टाकाही ताणला जायला हवा, आणि साधा धावदोरा तिथे पटकन तुटतो. आपण साध्या सुती कापडाचा बिनबाह्यांचा, घेरदार फ्रॉक शिवू आणि त्यात आवडत्या नायिकेची ओळख आणू.

ही ओळख तीन गोष्टींत असते: रंग, छातीवरचं चिन्ह आणि कंबरेचा पट्टा. तिचं एखादं चित्र भिंतीला लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे बारीक करून बघा. तिथून जे ओळखू येतं, तेवढंच ड्रेसवर घ्यायचं. जुन्या कॉमिकची छपाई मोजक्या शायांत व्हायची, म्हणून या पात्रांचे रंग इतके ठळक आणि थोडके आहेत. आपल्यासाठी ही सोयच झाली. दोन-तीन रंगांच्या सुती कापडात सगळं भागतं.

वंडर वूमन १९४१ साली पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात लाल चोळीवजा कपडा आणि पांढऱ्या चांदण्यांचा निळा घेरदार स्कर्ट होता. थोड्याच काळात त्या स्कर्टची तोकडी विजार झाली. म्हणजे तिचा फ्रॉक शिवताना आपण मूळ चित्राच्या जवळच जातो. छातीवर तेव्हा सोनेरी गरुड होता. १९८२ पासून त्याजागी एकाखाली एक अशा दोन इंग्रजी डब्ल्यू अक्षरांचं, पंखांसारखं दिसणारं चिन्ह आलं. नवख्यांनी हेच घ्यावं असं मी आग्रहानं सांगेन. गरुडाच्या पिसांना वळणं फार, डब्ल्यूच्या सगळ्या रेघा सरळ.

दुसरी कुणी आवडती असेल तरी कृती हीच. बॅटगर्लसाठी काळा ड्रेस आणि पिवळं वटवाघूळ. स्पायडर-मॅनसाठी वरचा भाग लाल, घेर निळा आणि लालवर काळ्या दोऱ्यानं साखळी टाक्याची जाळी. ही जाळी भरायला वेळ लागतो, पण दिसते फार सुंदर.

कापड आणि ते धुणं

मध्यम जाडीचं सुती पॉपलिन घ्या. सॅटिन चमकतं म्हणून मोह होतो, पण ते हातातून निसटतं आणि कडेनं सुटत राहतं. पहिल्या ड्रेसला नकोच. साधारण सहा वर्षांच्या मुलीसाठी, ११० सेंमी पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर वरच्या भागाला लाल ५० सेंमी, घेराला निळं ५० सेंमी आणि अस्तराला पातळ सुती ५० सेंमी पुरतं. चांदण्यांना पांढरा आणि चिन्हाला पिवळा फेल्टचा तुकडा.

कापायच्या आधी सगळं सुती कापड धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं. मीटरमागे तीन-चार सेंमी सहज जातात. शिवून झाल्यावर आकसलं तर वरचा भाग छातीला आवळतो. शिवाय लाल रंगाची भीती असतेच. मी एकदा घाईत लाल कापड न धुताच शिवलं. पहिल्याच धुण्यात चांदण्या गुलाबी झाल्या आणि भाची त्या चांदण्यांवरून बोट फिरवत गप्प बसून राहिली. तिचा तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून लाल कापड मी वेगळं धुते आणि ओलं असतानाच त्यावर पांढरा रुमाल दाबून बघते. रुमालाला डाग लागला की पुन्हा धुवायचं. डाग लागायचा बंद होईपर्यंत हेच करायचं. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो, या भरवशावर राहू नका. कापड वाळलं की इस्त्री करा, मगच कात्री लावा.

सुई सात ते नऊ नंबरची घ्या. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. दोरा पॉलिएस्टरचा, कापडाच्या रंगाचा. बोटांच्या टोकापासून कोपराच्या जरा पुढेपर्यंत, म्हणजे ४५ ते ५० सेंमी इतकाच दोरा तोडा. पुन्हापुन्हा ओवायला नको म्हणून नवखी माणसं भलताच लांब दोरा घेतात आणि मग गुंता सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. दोऱ्याचं टोक तिरकं कापलं की नेढ्यातून चटकन जातं. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घेतला तर पीळ कमी पडतो. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घाला. पहिला दिवस अडचण वाटेल, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय सुई ढकलवणार नाही.

मापं आणि कापणी

छाती, कंबर, खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंची आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंतची उंची, एवढी मापं घ्या. टेपखाली एक बोट सहज सरकेल इतकी सैल ठेवा. छाती ५८ सेंमी भरली तर ड्रेस तयार झाल्यावर ६४ सेंमी असायला हवा. ही सहा सेंमीची सैल श्वासासाठी आणि हात वर करण्यासाठी लागते.

आकार काढायचा सोपा मार्ग म्हणजे अंगाला नीट बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा एखादा जुना बिनबाह्यांचा फ्रॉक. तो वर्तमानपत्रावर सपाट पसरा आणि गळा, खांदा, मुंढा (हात बाहेर काढायची गोलाई), बगल, कंबर अशी कड गिरवून घ्या. पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून दोन्ही कागद वेगळे काढा. टी-शर्ट गिरवू नका. तो ताणून डोक्यातून जातो, आपलं कापड जाणार नाही. चारही बाजूंनी दीड सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड, वाढवा. पाठ दोन भागांत कापायची, कारण बटणं मागे येणार. पाठीच्या मध्यावर प्रत्येक भागाला तीन सेंमी जास्त ठेवा: दीड मायेसाठी, दीड एकावर एक चढण्यासाठी. खांद्याची पट्टी शिवून झाल्यावर निदान चार सेंमी रुंद राहायला हवी. का, ते पुढे कळेल.

कागद कापडावर ठेवताना उभा धागा सांभाळा. कापडाच्या किनारीला समांतर जाणारा धागा ड्रेसवर वरून खाली यायला हवा. कागद थोडा तिरका ठेवला गेला तर धुतल्यावर ड्रेस एका बाजूला पिळतो, आणि मग काही करता येत नाही. वरच्या भागाचे तिन्ही तुकडे लाल कापडाचे कापा, तसेच तीन अस्तराचे. घेर म्हणजे निव्वळ आयत: रुंदी अख्खा पन्हा, लांबी कंबर ते गुडघ्याच्या मापात साडेसहा सेंमी मिळवून. त्यातले दीड सेंमी वरच्या शिवणीला, पाच खालच्या दुमडीला.

चार टाके

धावदोरा सगळ्यांना येतो. सुई खाली-वर करत पुढे जायचं. चुण्यांना आणि कच्च्या जोडणीला तो पुरे.

उलटी टीप मात्र मनापासून शिका, कारण सगळा भार तिच्यावर आहे. उजव्या हातानं शिवत असाल तर उजवीकडून डावीकडे चला. शिवणीच्या सुरुवातीपासून तीन मिलिमीटर पुढे सुई वर काढा. आता मागे या आणि सुरुवातीच्या बिंदूत सुई खाली घाला. खालच्या खाली सहा मिलिमीटर पुढे जाऊन वर काढा. पुन्हा मागे, आधीचा टाका जिथे संपला त्याच छिद्रात. वरून मशीनसारखी सलग रेघ दिसते, खालून टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात, म्हणून ही शिवण उसवत नाही. चिंधीवर वीसेक सेंमी शिवा आणि दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढा. फट दिसली तर टाके लांब पडताहेत. दोरा आवळून कापडाला सुरकुत्या पडल्या तर हात सैल सोडा.

काजटाका चिन्हाच्या कडेला लागेल, आणि हेमचा टाका, म्हणजे दुमडलेली कड बारीक टाक्यांनी कापडाला जोडणारा, अस्तराला नि खालच्या दुमडीला.

चिन्ह सगळ्यात आधी

सुरुवात खांद्यापासून करावीशी वाटते. तसं करू नका. चिन्ह आणि चांदण्या आधी लावा, तुकडे सपाट असतानाच. ड्रेस तयार झाल्यावर छातीवर काहीही जोडायला गेलं की सुई मागच्या कापडात शिरते आणि पुढचं-मागचं एकत्र शिवलं जातं.

फेल्ट मी मुद्दाम सुचवते. त्याची कड सुटत नाही, म्हणून ती आत दुमडावी लागत नाही. डब्ल्यूचं चिन्ह कागदावर काढा, दोन सेंमी रुंदीच्या सरळ पट्ट्यांचं. कागदासकट कापा, छातीवर ठेवून दुरून बघा, मग टाचून घ्या. टाचण्या पुरत नाहीत, कापड सरकतं. मधोमध कच्चा धावदोरा घालून टाका. त्यानंतर कडेनं काजटाका: सुई फेल्टच्या कडेपासून चार मिलिमीटर आत घाला, कडेला लागून बाहेर काढा आणि बाहेर येताना दोऱ्याचा फास सुईखाली येऊ द्या. फास कडेवर बसतो. कोपऱ्यात एकाच छिद्रातून तीन टाके घ्या, नाहीतर कोपरे वर उचलले जातात. मुलं आधी तिथेच नखानं खरवडतात.

चांदणीसाठी अडीच सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कोनमापकानं दर ७२ अंशांवर एक अशा पाच खुणा करा आणि एक सोडून एक खूण जोडा. घेरावर आठ-दहा चांदण्या लावा, पण खालच्या अर्ध्यातच. वरच्या चांदण्या चुण्यांत गडप होतात. तळाची पाच सेंमीची दुमडही मोकळी सोडा. फेल्टवर थेट गरम इस्त्री फिरवू नका. बरंच फेल्ट कृत्रिम धाग्याचं असतं आणि ते वितळतं. वर सुती फडकं टाकून मंद इस्त्री करा.

वरचा भाग

लालच्या खांद्यांच्या शिवणी उलट्या टिपेनं घाला, तशाच अस्तराच्या. आता दोन्ही सुलट बाजूला सुलट ठेवून एकमेकांवर पसरा आणि पाठीची एक उभी कड, गळा, पाठीची दुसरी कड अशी सलग शिवण घाला. मग दोन्ही मुंढे शिवा. बगलेच्या आणि कंबरेच्या कडा अजून उघड्याच ठेवायच्या. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या गोलाईत दर दीड सेंमीवर मायेला कात्रीनं छोटे काप द्या, टाक्यापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबून. हे काप दिले नाहीत तर उलटवल्यावर गळा ताठ उभा राहतो.

आता पाठीचा एक भाग धरून खांद्याच्या बोगद्यातून पुढच्या बाजूनं बाहेर ओढा, मग दुसरा. खांद्याची पट्टी चार सेंमीची का हवी, ते इथे समजतं. सगळं सुलट झालं की गळा आणि मुंढे एकही कच्ची कड न दिसता तयार झालेले असतात. मला अजूनही दर वेळी या जागी आनंद होतो.

मग बगला. लालला लाल आणि अस्तराला अस्तर जोडून एकाच सलग ओळीत उलटी टीप घाला. मुंढ्याखाली जिथे दोन शिवणी मिळतात तिथे टीप दोनदा न्या. हात वर केला की सगळा ताण याच जागी येतो. इथपर्यंत आलात की मुलीला वरचा भाग घालून बघा, पाठ टाचणीऐवजी कागदाच्या क्लिपनं बंद करा आणि तिला दोन्ही हात वर करायला सांगा. मुंढा काचत असेल तर आत्ता उसवून सुधारा.

चुण्या

घेराच्या दोन उभ्या कडा पाठीमागे जोडा, पण वरचे दहा सेंमी उघडे ठेवा. ही चीर असल्याशिवाय ड्रेस अंगात चढणार नाही. चिरेच्या कडा आत दुमडून हेम करा आणि तिच्या खालच्या टोकाला एकाच जागी चार-पाच घट्ट टाके घ्या.

वरच्या कडेला दोन समांतर धावदोरे घाला, एक कडेपासून एक सेंमीवर, दुसरा दोनवर. टाके पाच मिलिमीटरचे, एकसारखे. एकाच दोऱ्यावर चुण्या ओढल्या तर त्या वेड्यावाकड्या लोळतात, दोन दोऱ्यांवर सरळ उभ्या राहतात. इथे दोरा मजबूत हवा. ओढताना तुटला तर सगळं पुन्हा घालावं लागतं. म्हणून कडेचे दोन भाग करा आणि प्रत्येक अर्ध्याला वेगळे दोरे घाला.

ओढायच्या आधी घेराच्या वरच्या कडेवर खडूनं चार सारखे भाग पाडा. वरच्या भागाच्या लाल कंबरेचेही चार करा. खुणेला खूण टाचा आणि मगच दोरे हळूहळू ओढा. घेर कंबरेच्या दीडपटीहून थोडा जास्त आहे, त्यामुळे चुण्या दाट नाहीत, पण फिरकी घेतली की छान उघडतील. बोटांनी चुण्या सारख्या पसरवा आणि दोन दोऱ्यांच्या मधोमध, कडेपासून दीड सेंमीवर, फक्त लाल कापडाला उलटी टीप घाला. अस्तर बाजूला धरा. टाके इथे बारीक हवेत, दर चुणीत एक तरी. टीप पुरी झाली की खालचा धावदोरा काढून टाका.

आता अस्तराची कंबर आत दुमडून शिवणीवर झाका आणि हेम करा. चुण्यांची टोचणारी कड आत बंद होते आणि पोटाला काही बोचत नाही.

पट्टा, केप, बटणं

पट्टा सोनेरी-पिवळा, पाच सेंमी रुंद. तो वेगळा ठेवू नका, वेगळ्या वस्तू हरवतात. कंबरेच्या शिवणीवर ठेवून वरून-खालून बारीक टाक्यांनी पक्का करा. समोर मध्यात एक चांदणी.

केप हवीच असेल तर गळ्यात नाडी बांधू नका. खेळताना केप कशात अडकली तर नाडी गळा आवळते. युरोपातल्या सुरक्षा मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी नाडी चालत नाही, ते याच कारणानं. केपला दोन्ही खांद्यांवर एकेक टिचबटण लावा. ओढ बसली की केप सुटून हातात येते. लांबी गुडघ्याच्या वरच ठेवा. उघड्या ज्योतीजवळ असा ड्रेस घालू देऊ नका. सुतीही भुरकन पेटतं, आणि कृत्रिम कापड वितळून कातडीला चिकटतं.

पाठीला टिचबटणं पाच सेंमीच्या अंतरानं लावा. आधी वरच्या पट्टीच्या आतून उंचवट्याचे भाग शिवा, त्यांच्या टोकांना खडू चोळा, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबा. खालच्या पट्टीवर नेमक्या जागी ठिपके उमटतात. प्रत्येक छिद्रातून चार-पाच टाके घ्या.

खालची दुमड शेवटी. मुलीला उभं करा, खुणा जमिनीपासून सारख्या उंचीवर करा. पाच सेंमी आत वळवून पुन्हा एक सेंमी कड आत घ्या आणि हेम करताना पुढच्या कापडाचा एखाद-दुसराच धागा उचला, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. दुमड पाचापेक्षा कमी ठेवू नका. पुढच्या वर्षी ती उसवली की ड्रेस तीन-साडेतीन सेंमी लांब होतो. जुन्या घडीची फिकी रेघ दिसली तर तिच्यावरून पांढऱ्या दोऱ्यानं साखळी टाक्याची एक ओळ फिरवा.